जुने फोटो आणि त्यांच्यामागच्या खऱ्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या फोटोंवर लिहायला लागल्यापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवण्यापेक्षा सगळे एका जागी आणले आहेत. सोपे आधी, पेचाचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण निम्म्या उत्तरांत ते येणार आहे: इतक्या वर्षांत खोटे फोटो मला कमी भेटले, खोट्या फोटोओळी फार भेटल्या.

१. जगातला सगळ्यात पहिला फोटो कोणता?

आज उपलब्ध असलेल्यांपैकी सगळ्यात जुना कॅमेऱ्याचा फोटो निसेफोर निएप्स या फ्रेंच माणसाचा. आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारं अंगण आणि छपरं त्याने टिपली, १८२६ किंवा १८२७ मध्ये. कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा आणि त्यावर डांबराचा पातळ थर, एवढंच साहित्य. जिथे उजेड पडला तिथलं डांबर घट्ट झालं, बाकीचं लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघालं. पत्रा किमान आठ तास उजेडात होता, काही अभ्यासक तर काही दिवस म्हणतात. म्हणून त्यात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे, सकाळचंही आणि दुपारनंतरचंही.

हा पत्रा अनेक वर्षं कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. १९५२ मध्ये हेल्मुट गर्न्सहाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला. आज तो टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. आपण सगळीकडे पाहतो ते ठिपक्याठिपक्यांचं काळंपांढरं चित्र मात्र पत्र्याचा सरळ फोटो नव्हे. पत्र्याच्या एका कॉपीवर गर्न्सहाइमने जलरंगाने हात फिरवून उठाव आणला आणि तीच प्रत जगभर छापली गेली. मूळ पत्रा चकचकीत आहे, त्यावरचं चित्र विशिष्ट कोनातूनच दिसतं.

२. फोटोत आलेला पहिला माणूस कोण? तो रिकाम्या रस्त्यावरचा माणूस खरा का?

खरा. १८३८ मध्ये लुई दागेर या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता, पण चांदीच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. गाड्या, घोडे, पायी जाणारे, कोणीच एका जागी इतका वेळ थांबलं नाही, त्यामुळे कोणीच उमटलं नाही. खालच्या डाव्या बाजूला, फुटपाथच्या कोपऱ्यावर, एक माणूस मात्र बुटांना पॉलिश करून घेत उभा होता. त्याचा एक पाय वर उचललेला आहे. नीट पाहिलं तर पायाशी वाकलेला पॉलिशवालाही अंधुक दिसतो. दोघांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. पहिला माणूस असं आपण एकवचनात म्हणतो, पण ते दोघे होते, आणि त्यातला दुसरा त्याच वेळी काम करत होता. मला हे दर वेळी सांगावंसं वाटतं.

ठरवून काढलेल्या पहिल्या काही चेहऱ्यांपैकी एक म्हणजे फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये स्वतःचाच घेतलेला फोटो. केस विस्कटलेले, हाताची घडी, नजर जराशी बाजूला. तो पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे यावर विश्वास बसत नाही.

३. जुन्या फोटोंत कोणीच का हसत नाही? खूप वेळ बसावं लागायचं म्हणून ना?

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. १८३९-४० मध्ये मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ निश्चल बसावं लागे, तेव्हा हसू टिकवणं अवघडच. पण १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या कोलोडियनची पद्धत (काचेवर चिकट रसायन पसरून ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा) आली आणि चांगल्या उजेडात काम काही सेकंदांवर आलं. तेवढा वेळ कोणीही हसू शकतो. तरीही माणसं पुढची पन्नास वर्षं गंभीरच बसली.

कारण फोटो ही गोष्टच वेगळी समजली जायची. त्याआधी आपली प्रतिमा म्हणजे चित्रकाराने रंगवलेलं पोर्ट्रेट, आणि त्यात दात दाखवून हसणारा माणूस एकतर दारुडा नाहीतर विदूषक. लोक आयुष्यात एकदा-दोनदाच स्टुडिओत जात. तो एकच फोटो मागे उरणार हे त्यांना ठाऊक होतं. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला, आणि कॅमेरा घरात शिरला. मग लोक हसायला लागले.

अपवाद आहेत. चीनमध्ये १९०४ च्या सुमारास एका संशोधन मोहिमेत काढलेला फोटो शोधून पाहा: भाताचा वाडगा समोर घेऊन बसलेला एक माणूस मनमोकळा हसतोय. फोटोसाठी कसं बसायचं याचे युरोपी संकेत त्याला बांधून नव्हते.

४. त्या काळात मेलेल्या माणसांना स्टँडला टेकवून उभं करत आणि फोटो काढत. खरं आहे का?

मृतांचे फोटो काढत हे खरं. विशेषतः लहान मुलांचे, कारण अनेकदा तो त्या मुलाचा पहिला आणि शेवटचा फोटो असे. पण त्या फोटोंत मूल आईच्या मांडीवर किंवा पलंगावर, निजल्यासारखं असतं.

स्टँडला टेकवून उभं केल्याची गोष्ट खोटी. माणसाच्या पायांमागे दिसणारा तो लोखंडी पाया जिवंत माणसासाठी होता. वरच्या टोकाला दोन बोटांसारखा आकडा असे, तो मानेला मागून नुसता आधार देई, म्हणजे डोकं हलू नये. प्रेताचं वजन त्याने पेललंच नसतं. खरं तर उलट समजा: मागे स्टँड दिसला की समोरचा माणूस त्या क्षणी जिवंत होता.

“घरातल्या सगळ्यांत जो स्पष्ट आला आहे तो मेलेला” हे सूत्रही सोडून द्या. मनापासून स्थिर बसणारी माणसं तेव्हाही असायची. आणि पांढरट डोळे हाही पुरावा नाही, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

५. आकाश नेहमी कोरं आणि डोळे इतके फिकट का दिसतात?

तेव्हाची रसायनं निळ्या उजेडाला फार संवेदनशील होती आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी. निळं आकाश त्यामुळे पांढरंफटक होई, ढग त्यात बुडून जात. निळे डोळे दुधाळ दिसत. तांबडा कपडा काळा येई, चेहऱ्यावरचे तांबूस ठिपके गडद डागांसारखे उठत. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात यावर तोड काढली: समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि दोन्ही जोडून एक प्रिंट. त्याच्या समुद्रचित्रांवर लोक तेव्हा थक्क झाले होते ते यामुळेच.

म्हणून काळ्यापांढऱ्या फोटोवरून “साडी काळी होती”, “गणवेश गडद होता” असं ठामपणे लिहू नका. ती लाल असू शकते.

६. फोटो उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा असू शकतो का?

असू शकतो, आणि त्याने इतिहास चुकलेला आहे. दागेरच्या चांदीच्या पत्र्यावरचे फोटो आणि नंतरचे लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप यांत मधे निगेटिव्ह नसे. भिंगातून पडलेली प्रतिमा तशीच पत्र्यावर राही, म्हणजे डावं उजवीकडे. प्रश्न २ मधला पॅरिसचा रस्ताही असाच उलटा आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन गुन्हेगार बिली द किडचं. १८७९-८० च्या त्याच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, त्यावरून तो डावखुरा ठरला आणि कित्येक दशकं तसाच रंगवला गेला. खुलासा त्याच्या हातातल्या रायफलीने केला. विंचेस्टरच्या १८७३ च्या मॉडेलमध्ये गोळ्या भरायची खाच उजव्याच बाजूला असे, फोटोत ती डावीकडे दिसते. म्हणजे फोटो उलटा आणि माणूस उजवा.

ओळखायच्या खुणा म्हणजे दुकानांच्या पाट्या, कोटाच्या गुंड्या आणि पुस्तकांची नावं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू सहसा उजवीवर येते.

७. १९१० चा रंगीत फोटो? शक्यच नाही. नंतर रंगवलेला असणार ना?

शक्य आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ मध्येच लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून (फिल्टरमधून) एका पट्टेदार फितीचे वेगवेगळे फोटो घेऊन ते पडद्यावर एकत्र पाडून दाखवले होते. गंमत अशी की प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे तेव्हाच्या काचांना तांबडं दिसतच नव्हतं. मग प्रयोग जमला कसा? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: फितीच्या लाल रंगातून अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि काचेने ते टिपले.

रशियात सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की याने हीच युक्ती वापरून १९०९ ते १९१५ या काळात झारच्या पाठिंब्याने देशभर फिरून फोटो घेतले. एकाच लांबट काचेवर एकापाठोपाठ एक तीन फोटो, तीन गाळण्यांतून. बुखाराच्या अमीराचा निळ्या झग्यातला १९११ चा फोटो यातलाच. त्याच्या सुमारे १,९०० निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या. या फोटोंत नदीचं पाणी किंवा हललेलं पोर मोठं करून पाहा. कडांना लाल, हिरव्या, निळ्या रंगाची झालर दिसेल, कारण तीन फोटोंच्या मधल्या क्षणांत पाणी पुढे गेलं होतं. हा रंग नंतर भरलेला नाही, याची ती सही आहे.

दुसरी पद्धत ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच, १९०७ ची. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले बारीक कण काचेवर पसरून ती बनवत. तिचा रंग खसखशीसारखा दाणेदार दिसतो.

आता जे संगणकाने रंगवलेले फोटो फिरतात त्यांचं काय? त्यातला रंग अंदाजाने भरलेला असतो. सैनिकाच्या कोटाचा, घराच्या भिंतीचा, डोळ्यांचा, सगळाच. सुंदर दिसतो, पण पुरावा म्हणून शून्य. असा फोटो पुढे पाठवताना “रंग नंतर भरले आहेत” एवढे शब्द जोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

८. फोटोशॉप नव्हतं तेव्हा फोटो तरी खरे असायचे, नाही का?

नाही. खोटेपणा फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८४० मध्ये इपोलित बायार याने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारा फोटो काढला. कागदावर फोटो काढायची स्वतःची पद्धत त्याने शोधली होती, पण सगळं श्रेय दागेरला गेलं, त्याचा तो निषेध होता.

कात्री आणि डिंक खूप चालले. अब्राहम लिंकनचं एक ऐटबाज उभं चित्र प्रसिद्ध आहे. त्यातलं धड जॉन कॅल्हून या दुसऱ्याच नेत्याच्या जुन्या चित्रातलं आहे, आणि हा नेता गुलामगिरीचा कट्टर समर्थक होता. स्टालिनच्या राज्यात माणसं आधी जगातून जात आणि मग फोटोतून. कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी उभा असलेला गुप्त पोलीस प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला, आणि त्यानंतरच्या प्रतीत त्याच्या जागी नुसतं पाणी आहे.

पण सगळ्यांत शिकवणारा किस्सा कॉटिंग्लेच्या पऱ्यांचा. इंग्लंडमध्ये १९१७ साली एल्सी राइट (वय १६) आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स (वय ९) या मावसबहिणींपैकी कोणा एकीचे दुसरीने फोटो काढले, समोर नाचणाऱ्या पऱ्यांसकट. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने त्यावर विश्वास ठेवला. एका जाणकाराने निगेटिव्ह तपासली आणि तिच्यात फेरफार नसल्याचं सांगितलं. ते खरंच होतं! निगेटिव्ह अस्सल होती. पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या. दोघींनी हे १९८३ मध्ये कबूल केलं.

कापून छोटा करणं हाही एक प्रकार आहे. स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाचा १९३४ चा प्रसिद्ध फोटो मूळ आकारात पाहिला तर पाण्यातून वर आलेली ती मान पाण्याच्या मानाने अगदीच इवलीशी दिसते. ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली होती, हे १९९४ मध्ये बाहेर आलं.

९. फोटो “जमवून” काढलेला असेल तर तो खोटा समजायचा का?

सरसकट नाही. काय जमवलं आणि काय म्हणून दाखवलं, ते बघावं लागतं.

रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात एकाच दरीचे एकाच जागेवरून दोन फोटो घेतले. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर विखुरलेले. दगडधोंडे किंचित घसरले आहेत, त्यावरून रिकामा रस्ता आधीचा हे सिद्ध झालं. म्हणजे गोळे कोणीतरी रस्त्यावर आणून ठेवले. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गला १८६३ मध्ये छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने एका सैनिकाचं प्रेत उचलून दगडांच्या आडोशाला नेलं, शेजारी बंदूक टेकवली आणि त्याला शत्रूचा नेमबाज म्हटलं. तोच सैनिक दुसऱ्या जागीही फोटोत आहे, म्हणून हे कळलं. लखनौच्या सिकंदर बागेतला फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराचा फोटोही याच ओळीतला. लढाई नोव्हेंबर १८५७ ची, फोटो १८५८ चा. अंगणात पसरलेली हाडं फोटोसाठी मांडली होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. माणसं खरंच मेली होती. पण फोटो त्यांच्या मृत्यूचा नाही, नंतरच्या मांडणीचा आहे. गार्डनरचं मला सगळ्यात खटकतं, कारण त्याने एका अनाम मुलाला मेल्यावर दुसरीच ओळख दिली.

दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या गगनचुंबी तुळईवर बसून डबा खाणारे अकरा कामगार. २० सप्टेंबर १९३२, एकोणसत्तरावा मजला. फोटो इमारतीच्या जाहिरातीसाठी ठरवून घेतला होता. पण कामगार खरे, उंची खरी, आणि अशा तुळयांवर रोज वावरणंही खरं. त्याला खोटा म्हणू नये.

१०. रेल्वेचं इंजिन भिंत फोडून रस्त्यावर नाकावर उभं आहे, तो फोटो खरा का?

शंभर टक्के खरा. पॅरिसचं मोंपार्नास स्टेशन, २२ ऑक्टोबर १८९५. ग्रानव्हिलहून येणारी गाडी उशीर भरून काढायला वेगात आत शिरली, हवेच्या दाबाचा ब्रेक लागला नाही, इंजिन रुळांच्या टोकाचा अडथळा ओलांडून फलाटापुढची जागा पार करत भिंतीतून आरपार गेलं आणि दहा मीटर खाली चौकात कोसळलं. डबे वर स्टेशनातच राहिले, म्हणून प्रवासी वाचले. मेली ती खाली पेपर विकणारी एक बाई, वरून पडलेल्या दगडांखाली. त्या दिवशी ती नवऱ्याच्या जागी बसली होती. हा फोटो पोस्टरवर, कपांवर, विनोदी मजकुरासोबत सगळीकडे दिसतो. तो पाहताना ती बाई आठवावी.

११. १९४१ च्या फोटोत गॉगल आणि टी-शर्ट घातलेला “भविष्यातून आलेला माणूस” आहे. हे कसं?

फोटो अस्सल आहे, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका पुलाच्या उद्घाटनाच्या गर्दीचा. पण त्याच्या अंगावरचं सगळं तेव्हा बाजारात मिळत होतं. गॉगल १९२० च्या दशकापासून होते. टी-शर्ट वाटतो तो स्वेटर आहे, छातीवर खेळाच्या संघासारखं अक्षर शिवलेलं. हातात मावणारे कॅमेरेही होते. आजूबाजूचे सगळे हॅट-कोटात आल्यामुळे तो वेगळा उठून दिसतो, एवढंच.

१२. हा फोटो टायटॅनिकचाच आहे का?

बहुतेकदा नसतो. टायटॅनिकची जुळी बहीण ऑलिंपिक आधी तयार झाली, पुष्कळ वर्षं चालली आणि तिचे भरपूर फोटो निघाले. भव्य लाकडी जिन्याचे जे फोटो टायटॅनिकचे म्हणून छापतात ते ऑलिंपिकचे. मी स्वतः एकदा तसाच दिला होता. एका वाचक बाईंनी चूक दाखवल्यावर दुरुस्त केला, त्यांचे आभार आजही मानतो.

बाहेरून ओळखायचं तर वरच्या लांबलचक फिरायच्या डेकची पुढची अर्धी बाजू पाहा. खिडक्यांनी बंद असेल तर टायटॅनिक, शेवटपर्यंत उघडी असेल तर ऑलिंपिक.

खऱ्या फोटोंचा मोठा साठा फ्रान्सिस ब्राउन या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) विद्यार्थ्याचा. सहप्रवाशांनी त्याला न्यूयॉर्कपर्यंतचं तिकीट देऊ केलं होतं, पण वरिष्ठांची तार आली की जहाजावरून उतर. तो ११ एप्रिल १९१२ ला आयर्लंडमध्ये उतरला, कॅमेऱ्यासकट.

१३. एव्हरेस्टवर हिलरीचा फोटो का नाही? आणि चंद्रावर आर्मस्ट्राँगचे इतके कमी का?

दोन्हीचं कारण एकच, कॅमेरा त्यांच्याच हातात होता. २९ मे १९५३ ला शिखरावर हिलरीने तेनझिंगचा फोटो काढला: बर्फाची कुऱ्हाड उंचावलेली, तिला चार झेंडे. तेनझिंगने कॅमेरा कधी हाताळला नव्हता आणि शिकवायची ती जागा नव्हती, असं हिलरीने नंतर सांगितलं. अपोलो ११ वरही कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता. आपण पाहतो तो प्रसिद्ध अंतराळवीर ऑल्ड्रिन आहे, आर्मस्ट्राँग त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत छोटा दिसतो.

(चंद्रावर तारे का दिसत नाहीत, हाही प्रश्न येतो. उन्हात झळाळणाऱ्या जमिनीच्या हिशेबाने कॅमेरा लावला की अंधुक तारे उमटत नाहीत.)

१४. विमानाच्या पहिल्या उड्डाणाचा फोटो कोणी काढला? राइट बंधू दोघेही त्यात आहेत.

जॉन डॅनियल्स याने. किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातला माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्याला हात लावत होता. ऑर्व्हिलने कॅमेरा तिपाईवर रोखून ठेवला होता आणि विमान सुटलं की रबरी फुगा दाब, एवढं सांगितलं होतं. १७ डिसेंबर १९०३. विमान बारा सेकंद हवेत होतं, १२० फूट गेलं. डॅनियल्स इतका हरखला की फुगा दाबला की नाही हे त्याला आठवेना. घरी परतून काच धुतल्यावरच बंधूंना कळलं की दाबला होता.

१५. बर्फात तेहतीस वर्षं पडलेली फिल्म धुतल्यावर फोटो आले, हे खरं?

खरं. स्वीडनचा आंद्रे दोन साथीदारांसह ११ जुलै १८९७ ला फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला, तिघे महिनोन् महिने चालले आणि कव्हीतोया या ओसाड बेटावर मेले. १९३० मध्ये एका नॉर्वेजियन जहाजाला तळ सापडला. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्गने त्या फिल्म धुतल्या. सुमारे २४० पैकी ९३ चित्रं वाचली. एकात फुगा बर्फावर आडवा झाला आहे आणि दोघे त्याच्याकडे नुसते पाहत उभे आहेत.

उलटीही गोष्ट आहे. अंटार्क्टिका मोहिमेवरचं एन्ड्युरन्स जहाज १९१५ मध्ये बर्फात चिरडलं तेव्हा मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्लीने गोठलेल्या पाण्यात उतरून फोटोंच्या काचा बाहेर काढल्या. पण सगळ्यांचं वजन नेणं शक्य नव्हतं. तो आणि मोहिमेचा प्रमुख शॅकलटन बर्फावर बसून एकेक काच पाहत गेले. सुमारे १२० ठेवल्या, ४०० च्या आसपास तिथेच फोडल्या. फोडल्या, कारण नंतर मन बदलायला नको.

१६. प्रसिद्ध फोटोतल्या माणसांची नावं तरी पक्की असतात ना?

नसतात. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा अमेरिकन सैनिकांचा २३ फेब्रुवारी १९४५ चा फोटो घ्या. त्यावर स्मारक उभं राहिलं, नावं पाठ झाली. तरी अमेरिकेच्या मरीन कोअरने (ते सैनिक ज्या दलाचे, त्याने) २०१६ मध्ये एक आणि २०१९ मध्ये आणखी एक नाव बदललं. पट्टे, शिरस्त्राणं, बंदुकीचा दोर अशा बारीक गोष्टी त्याच प्रसंगाच्या इतर फोटोंशी ताडून ते ठरलं. सत्तर वर्षांनी ओळख बदलू शकते, तर घरच्या अल्बममध्ये “बहुधा आजोबाच” असं लिहिलेलं पुन्हा तपासायला हरकत नाही.

१७. मोबाईलवर आलेला जुना फोटो कसा तपासू?

आधी तो उलट शोधात (शब्दांऐवजी फोटो देऊन इंटरनेटवर शोधायची सोय) टाका आणि सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी प्रत गाठा. संग्रहालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या नोंदीपर्यंत पोचलात तर अर्धं काम झालं, तिथली ओळ वाचा. मग फोटोतले कपडे, वाहनं, तारा, पाट्या त्या सालाशी जुळतात का बघा. कडा कापल्या आहेत का बघा (प्रश्न ८). रंगीत असेल तर प्रश्न ७. आणि फोटोसोबतची गोष्ट फारच गोळीबंद, डोळ्यांत पाणी आणणारी असेल, तर आणखी जपून.

१८. घरात जुना फोटो सापडला. साल कसं ओळखू?

फोटो आधी हातात घेऊन वस्तू म्हणून पाहा, चेहरे नंतर. तिरपा केल्यावर आरशासारखा चमकला आणि प्रतिमा उलटसुलट झाली, तर चांदीचा पत्रा, १८४०-५० ची दशकं. पातळ पत्रा आहे आणि लोहचुंबक धरतो, तर टिनटाइप, १८५६ नंतरचा. हा प्रकार पुढे फार वर्षं टिकला, म्हणून इथे घाई नको. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला तपकिरी पातळ कागद असेल, तर कार्ट द व्हिझिट: दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पेटंट घेतलेला, १८६० च्या दशकात लोक वेड्यासारखे जमवत. तळहाताहून मोठा पुठ्ठा म्हणजे कॅबिनेट कार्ड, बहुतेक १८७० ते १९०० मधलं. अमेरिकन कार्डाच्या मागे कराचं तिकीट चिकटवलेलं असेल तर साल जवळजवळ हातात आलंच, तो कर फक्त १८६४ ते १८६६ होता.

दातेरी कडा साधारण १९३० ते ६०. कागदाला प्लास्टिकचा गुळगुळीत लेप असेल तर १९७० च्या आगेमागे किंवा नंतरचा. एक पेच: हे सगळं प्रिंटचं वय सांगतं, फोटोचं नाही. जुन्या निगेटिव्हवरून चाळीस वर्षांनी प्रिंट निघू शकते.

१९. तो जपू कसा? पुसून काढू का?

पुसू नका. चांदीच्या पत्र्यावर तर कापूससुद्धा लावू नका, प्रतिमा बोटासरशी निघते. चिकट पानांचे अल्बम टाळा, आम्ल नसलेल्या कागदात ठेवा, थंड आणि कोरड्या जागी. पोटमाळा नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको. जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास आला तर ती कुजू लागली आहे, इतरांपासून वेगळी करा. चिकट, पिवळी-तपकिरी झालेली, झोंबरा वास येणारी असेल तर नायट्रेट फिल्म असू शकते. ती भडकून पेटते, पाण्याखालीही जळत राहते. घरात न ठेवता अभिलेखागाराला विचारा.

२०. इतका जुना फोटो आहे, म्हणजे कोणीही छापावा ना?

तसं नाही. हक्काची मुदत देशागणिक वेगळी असते, आणि फोटोचा कागद तुमच्याकडे असणं म्हणजे छापायचा हक्क असणं नव्हे. संग्रहाच्या नोंदीत हक्कांची ओळ असते, ती पाहा.

२१. आमच्या फोटोंच्या मागे काय लिहून ठेवावं?

मऊ पेन्सिलीने, फोटो पालथा घालून, कडेला, दाब न देता. बॉलपेन नको, ते पुढून उठतं. प्लास्टिकच्या लेपाच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. “आम्ही सगळे” असं लिहू नका, “मावशी” असंही नको, कारण कोणाची मावशी हे पुढच्या माणसाला कळणार नाही. डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं, गाव, साल. साल नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह. कॅमेरा कोणाच्या हातात होता तेही लिहा. आणि कडेला कोणी काम करत असलेला माणूस फोटोत आला असेल, तर त्याचंही नाव विचारून लिहा.